आंबागडची विहीर आणि आमच्या गल्लीतली विहीर



मागच्या महिन्यात माझ्या नणंदेचा मुलगा घरी आला. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग हळूच म्हणाला, "मामी, एक घर बघितलंय. तुमच्याच गल्लीतलं. बाजारभावापेक्षा खूप कमीत मिळतंय. पण सगळे म्हणतात तिथं निगेटिव्ह एनर्जी आहे. तुम्ही सांगा, घेऊ का?"

कोणतं घर ते मला लगेच कळलं. उत्तर मात्र लगेच देता आलं नाही. "आठ दिवसांनी सांगते," म्हटलं. ते आठ दिवस मी काय काय आठवलं, काय वाचलं, कशाचा विचार केला, ते आज लिहिते आहे. आपल्यातल्या अनेकींना असा प्रश्न पडतो. घर घेताना पडतो, दुकानासाठी जागा बघताना पडतो, मुलगी द्यायची त्या घराबद्दल काही ऐकलं की पडतो. जिथं पूर्वी काही वाईट घडलं, तिथं ते वाईट राहून जातं का?

सुरुवात गल्लीपासून करत नाही, आंबागडापासून करते. कारण मला तुमसरला आल्यावर हा प्रश्न पहिल्यांदा तिथंच पडला.

माझं माहेर कारंजा. बी.कॉम. झाले आणि पुढच्याच वर्षी लग्न होऊन तुमसरला आले. पहिल्या हिवाळ्यात घरचे सगळे मिळून आंबागड बघायला गेलो. तुमसरहून तेरा-चौदा किलोमीटरवर सातपुड्याच्या टोकाशी हा किल्ला आहे. आजूबाजूला जंगल, वर जायला पायऱ्या, दगडी दरवाजा, बुरूज. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, ज्याने नागपूर वसवलं, त्याचा सुभेदार राजखान पठाण याने इ.स. १७०० च्या सुमारास तो बांधला. पुढे देवगडचं राज्य गेलं, नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला आणि किल्ल्याचा उपयोग तुरुंग म्हणून होऊ लागला.

किल्ल्याच्या आतल्या विहिरीची गोष्ट इकडे सगळ्यांना माहीत आहे. जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही ती 'असे सांगतात' म्हणून आली आहे. शिक्षा झालेल्या कैद्यांना त्या विहिरीचं साचलेलं, विषारी पाणी प्यायला लावत आणि ते मरत. तलवार नको, फास नको, तोफ नको. नुसतं पाणी.

त्या दिवशी आमच्या सासूबाईंनी आम्हा सुनांना आत जास्त वेळ थांबू दिलं नाही. "चला गं, ही जागा चांगली नाही," म्हणाल्या. मलाही खरंच काहीतरी जाणवलं होतं. छातीवर दडपण, कानात एक वेगळीच शांतता. खाली उतरून झाडाखाली दशम्या खाल्ल्या तेव्हा बरं वाटलं. अनेक वर्षं मी ते "जाणवलं" असंच सांगत आले.

पण मैत्रिणींनो, विहिरीची गोष्ट मला वर चढण्याआधीच सांगितलेली होती. ती ऐकली नसती तर काय जाणवलं असतं? बहुतेक, पायऱ्या चढून लागलेला दम.

आता त्या पाण्याचाच विचार करू. पाणी हा तर आपला रोजचा विषय. आपण पाणी गाळून पितो. गाळलेलं पाणी दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं चालतं, त्यापुढे उकळलेलं हवं. गाळण्यावर जे जीव राहतात ती जीवाणी पुन्हा त्याच पाण्यात सोडायची, दुसरीकडे फेकायची नाही. आपल्या आजीला सूक्ष्मदर्शक माहीत नव्हता, पण पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात हे तिला शिकवलेलं होतं. पाणी उपसलं जात नाही, वरून पाला पडतो, तो कुजतो, पक्षी-उंदीर पडून मरतात, तेव्हा ते पाणी काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. अशक्त, उपाशी कैद्याला असं पाणी रोज पाजलं तर त्याला हगवण लागेल आणि तो जाईल. त्यासाठी विहीर शापित असायची गरज नाही.

जुन्या विहिरींची आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती कामाची आहे. वापरात नसलेल्या खोल विहिरीत तळाशी पाला कुजून कार्बन डायऑक्साइड साचतो. तो हवेपेक्षा जड, वर येत नाही. गाळ काढायला एक जण उतरतो, बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. मग गावात बोललं जातं की विहिरीने दोन बळी घेतले. जुनी माणसं उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडत. कंदील विझला की उतरायचं नाही. कंदील जळत राहिला तरी खात्री नसते, म्हणून आता आधी हवा तपासतात, मगच माणूस उतरवतात. बळी घेणारं भूत नव्हतं, वायू होता.

घरातही असंच होतं. १९२१ साली अमेरिकेतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकिकत छापली होती. नव्या घरात राहायला गेल्यापासून त्यांना पावलांचे आवाज ऐकू येत, माणसं दिसत, सतत डोकं दुखे, झाडंसुद्धा मरत. घर झपाटलेलं आहे अशी त्यांची खात्री झाली. शेवटी कळलं की घर गरम ठेवणारी भट्टी बिघडली होती आणि तिचा कार्बन मोनॉक्साइड घरभर पसरत होता. भट्टी दुरुस्त झाली, भुतं गेली. आपल्याकडे भट्ट्या नाहीत, पण बंद न्हाणीघरातले गॅस गीझर आहेत. हाच वायू त्यातूनही निघतो आणि त्याला वास नसतो. कुणाच्या न्हाणीघरात पुन्हा पुन्हा चक्कर येत असेल तर वास्तुवाल्याला बोलवायच्या आधी खिडकी उघडा आणि गीझर बाहेर बसवून घ्या.

हे झालं विज्ञानाचं. पण आपला प्रश्न एवढ्याने सुटत नाही, कारण आपण श्रद्धेने चालणाऱ्या बायका आहोत. धर्म काय म्हणतो?

मी कॉमर्सची मुलगी. मला कर्मसिद्धांत नेहमी खतावणीसारखा वाटतो. खतावणीत प्रत्येकाचं स्वतंत्र खातं असतं. एकाने केलेली उधारी दुसऱ्याच्या खात्यावर टाकली तर हिशेबच चुकला. कर्माचं खातं जीवाच्या नावावर उघडलेलं असतं. ते घराच्या, विहिरीच्या, प्लॉटच्या नावावर उघडता येत नाही, कारण भिंतीला कषाय नाही. भिंत क्रोध करत नाही, मान करत नाही, माया-लोभ करत नाही. मग तिला बंध कसा होईल?

मागे एका शिबिरात मी पंडितजींना विचारलं होतं, "कर्म तर पुद्गल आहे, मूर्त आहे. मग ते जागेत चिकटून राहत नसेल कशावरून?" ते म्हणाले, "बाई, उदयात येऊन फळ दिलं की ते परमाणू झडतात. झडल्यावर ते पुन्हा साधे पुद्गल. त्यांच्यावर कुणाचं नाव राहत नाही." मी ते वहीत लिहून ठेवलं आहे. निर्जरा म्हणजे हेच. पाप करणारा जिथं जाईल तिथं त्याचं खातं घेऊन जातो. जमिनीवर काही ठेवून जात नाही.

यावर तुमच्यापैकी कुणी म्हणेल की आपल्या ग्रंथांत व्यंतर देव आहेत, ते जुन्या वास्तूत, झाडावर राहतात असं सांगितलं आहे. खरं आहे. मंदिरात पाऊल टाकताना आपण तीनदा 'निःसही' म्हणतो, ते कुणी आधीपासून तिथं असेल तर त्याला वाट मागण्यासाठी, असंही सांगतात. पण व्यंतर म्हणजे ऊर्जा नव्हे, तोही एक जीव आहे. त्याचंही खातं वेगळं. माझ्या उदयात नसलेलं दुःख तो मला देऊ शकत नाही. त्याची वाट अडवायची नाही, त्याला भ्यायचंही नाही.

खरी अडचण दुसरीच आहे, आणि तिने मला दोन रात्री जागवलं.

आपण म्हणतो की वाईट घडून गेलेली जागा काही धरून ठेवत नाही. मग तीर्थाचं काय? शिखरजीची माती आपण कपाळाला लावतो. रामटेकला शांतिनाथांसमोर उभं राहिलं की मन आपोआप निवतं. पावापुरीला महावीर स्वामींचं निर्वाण झालं. तिथली पवित्र माती लोकांनी एवढी नेली की खड्डा पडून त्याचं तळं झालं, असं सांगतात. आज त्या तळ्यात जलमंदिर आहे. चांगलं घडून गेलेलं जर जागेत राहतं, तर वाईट का राहणार नाही? एकच माप लावायला हवं ना?

याचं उत्तर मला श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीने दिलं. आपल्यापैकी बऱ्याच जणी महामस्तकाभिषेकाला जाऊन आलेल्या आहेत. बाहुबली भगवान विंध्यगिरीवर आणि समोरची लहान टेकडी ती चंद्रगिरी. त्या टेकडीच्या दगडांवर सल्लेखनेने देह ठेवलेल्या मुनींचे, आर्यिकांचे, श्रावक-श्राविकांचे कितीतरी लेख कोरलेले आहेत. त्यातले सर्वांत जुने इ.स. ६०० च्या सुमाराचे. म्हणजे मरणांची संख्या मोजली तर ती टेकडी आपल्या कुठल्याही "खराब" घरापेक्षा फार पुढे आहे. तिथं शतकानुशतकं माणसं येऊन देह ठेवत राहिली. पण आपण तिथं भीत नाही. लेकराला कडेवर घेऊन चढतो. मरणाने जागा बिघडत असती तर चंद्रगिरी सर्वांत आधी बिघडली असती.

गजकुमार मुनींची कथा आठवा. श्मशानात ते ध्यानात उभे होते. ज्या मुलीशी त्यांचं लग्न ठरलं होतं तिच्या बापाने सूडाने त्यांच्या डोक्यावर जळते निखारे ठेवले. एकच श्मशान, एकच घटका, एकच आग. बापाने रौद्र ध्यानाने नरकाची बांधणी केली आणि मुनींना त्याच आगीत केवलज्ञान होऊन मोक्ष मिळाला. ती जागा चांगली की वाईट? जागेला विचारून कळणार नाही. तिथं उभ्या असलेल्या दोघांच्या भावांना विचारावं लागेल.

म्हणून मला वाटतं, तीर्थ आपल्याला पावन करतं ते निमित्त म्हणून. द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव या चारांत क्षेत्र आहेच, ते नाकारता येत नाही. पण शिखरजीला जाऊन डोलीवाल्याशी पाच रुपयांसाठी भांडणारी बाई मी पाहिली आहे (ती मीच होते, १९९४ साली). क्षेत्र तेच होतं, भाव नव्हता. तीर्थात जे टिकून राहतं ते मातीत नसून स्मरणात असतं. लोक तिथं जातात, आठवतात, वंदन करतात, मुलांना सांगतात. हे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतं म्हणून तीर्थ जिवंत राहतं. वाईट जागेचंही तेच. तिथंही टिकतं ते स्मरणच. फरक इतकाच की त्या स्मरणाचं आपण काय करतो.

याचं उदाहरण आपल्या तुमसरातच आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'च्या वेळी इथं लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं पडली. याच गावाच्या मातीत रक्त सांडलं. ते अकाली मरण होतं, हिंसेने आलेलं मरण होतं. "निगेटिव्ह एनर्जी"च्या हिशेबाने ती जागा ओस पडायला हवी होती. पण आपण त्यांना हुतात्मे म्हटलं, शाळेतल्या मुलांना तिथं फुलं वाहायला नेलं. माझी मुलं लहानपणी युनिफॉर्म घालून गेली आहेत. तिथं चक्कर आल्याचं, कुणी दिसल्याचं कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. आंबागडावर मेले तेही माणसंच होते, पण त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, त्यांना कुणी फुलं वाहिली नाहीत. म्हणून त्यांची विहीर झाली आणि यांचं स्मारक झालं.

आंबागडाच्या गोष्टीत आणखी एक बाब आहे. आपण म्हणतो "विषारी विहीर". पण ते पाणी कैद्यांना कुणी पाजलं? हुकूम कुणी दिला? घागर कुणी भरली? गोष्ट सांगताना या माणसांचा उल्लेख येत नाही. दोष सगळा पाण्याच्या डोक्यावर. दोनशे-अडीचशे वर्षांत त्या विहिरीची बदनामी टिकली आणि हुकूम देणारा सुटला.

हे फक्त जुन्या काळचं नाही. आपल्या शेजारच्या मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी गाव. २९ सप्टेंबर २००६ ला तिथं भोतमांगे कुटुंबातली आई, तरुण मुलगी आणि दोन मुलगे, अशा चौघांना जमावाने मारलं. तेव्हा आपल्या बायकांतही बोलणं झालं होतं, मला आठवतं. "त्या गावाचं नावच काढू नका", "त्या गावाला शापच आहे". पण गाव शापित होतं म्हणून ते चौघं मेले नाहीत. शेतातून वाट काढण्याचा वाद होता, मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिल्याचा राग होता, जात होती. मारणारे हात माणसांचे होते. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ माणसांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा बदलून २५ वर्षांची कैद केली. न्यायालयाने खातं माणसांच्या नावावर लिहिलं, जमिनीच्या नाही. आपण अहिंसा परमो धर्म म्हणणाऱ्यांनी तरी शापाच्या आड लपू नये असं मला वाटतं.

आणि आता माझी गल्ली.

ते घर आमच्या घरापासून चार घरं सोडून आहे. कुटुंबाचं नाव लिहीत नाही. १९९१ च्या उन्हाळ्यात त्या घरातल्या धाकट्या सुनेने परसातल्या विहिरीत जीव दिला. वय असेल तेवीस-चोवीस. माझ्यापेक्षा लहान, मला वहिनी म्हणायची. विरजण मागायला यायची, लिंबाच्या लोणच्यात गूळ कधी घालायचा ते विचारायची.

पोलीस आले, गेले. मग गल्लीत बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, त्या विहिरीत पूर्वीही एक गेली होती. कुणी म्हणालं, विहीर घराच्या चुकीच्या दिशेला आहे. कुणी म्हणालं, अमावस्येला आवाज येतो. वर्षभरात "ती विहीर माणूस मागते" हे ठरून गेलं. विहिरीवर स्लॅब टाकला. त्या घराशी बायकांचं येणं-जाणं थांबलं. थोरली जाऊ वीस वर्षं त्या घरात राहिली. तिच्याकडे कुणी गेलं नाही. पर्युषणात आमच्या गल्लीतून सगळ्या मिळून मंदिरात जायच्या, तर ती मागून एकटी चालायची. तिच्या मुलीला बघायला आलेले पाहुणे "घर तसलं आहे" ऐकून परत गेले. एकदा नाही, तीनदा. मीही गेले नाही. मीही माझ्या मुलांना सांगितलं होतं, तिकडे खेळायला जायचं नाही.

आता जे लिहिते ते मी यापूर्वी फक्त ह्यांना सांगितलं होतं. ती जाण्याच्या पंधरा-वीस दिवस आधी माझ्याकडे आली होती. म्हणाली, "वहिनी, दुपारी दोन तास तुमच्या मशीनवर शिवण शिकायला येऊ का? घरात बसून जीव घाबरा होतो." तिच्या मनगटावर मी काही पाहिलं होतं. मी म्हटलं, "बघते, सासूबाईंना विचारून सांगते." विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत आपण पडू नये." मी तिला काही सांगितलंच नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

विहीर माणूस मागते, हे बोलणं त्या वर्षी सगळ्यांत जास्त कुणाच्या सोयीचं होतं? त्या घरातल्या माणसांच्या. आमच्या गल्लीच्या. माझ्या. विहीरच दोषी ठरली की "त्या पोरीला काय त्रास होता" हे कुणी विचारायची गरज उरत नाही. मी तीस-बत्तीस वर्षं त्या घरासमोरून जाताना पावलं उचलून चालले. मला वाटायचं, घरातून काहीतरी येतं. येत होतं ते माझ्याच आतून.

म्हणजे भीती खोटी असते असं मी म्हणत नाही. ज्या घरात आपलं माणूस गेलं, तिथं दार उघडताना काळजात काही हलतंच. ते खरं आहे. पण ते आपल्या मनात आहे, आणि मनावर काम करता येतं. आपल्याच रीतीत बघा. मरणाचं सुतक आपण तीन पिढ्यांपर्यंत बारा दिवस पाळतो. अपमृत्यूचं अधिक सांगतात, पण तेही मोजून. मग घर धुतात, स्वच्छ करतात, मंदिरात जायला लागतात, पूजा-अभिषेक पूर्ववत सुरू होतो. आपल्या पूर्वजांनी मरणाची अशुद्धी मानली, पण तिला मुदत घातली. ही मुदत कुणी तीस वर्षांची केली? शास्त्राने नाही. गल्लीने केली.

दुसरीकडेही माणसं हा हिशेब घालतात. जपानमध्ये भाड्याच्या घरात कुणी आत्महत्या केली किंवा खून झाला तर नव्या भाडेकरूला ते साधारण तीन वर्षांपर्यंत सांगावं, असं तिथल्या सरकारने २०२१ मध्ये सुचवलं. मला ते आवडलं. लपवायचं नाही, पण घराला जन्मभर शिक्षाही द्यायची नाही. आमच्या भाच्याला जे घर स्वस्तात मिळत होतं त्यात विटा कमी नव्हत्या, जागा कमी नव्हती. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर कमी झालेली रक्कम म्हणजे आमच्या बोलण्याची किंमत होती. ती त्या थोरल्या जावेने आणि तिच्या मुलीने भरली.

आठ दिवसांनी मी भाच्याला आणि त्याच्या बायकोला बोलावलं. तिघं मिळून घर बघायला गेलो. बत्तीस-तेहतीस वर्षांनी मी त्या उंबऱ्यात पाय ठेवला. सवयीने 'निःसही' म्हटलं. आत काय होतं? बंद घराचा कुबट वास, ओल धरलेली एक भिंत, वटवाघळांची घाण आणि परसात तो स्लॅब. मी त्यांना सांगितलं, आधी सगळ्या खिडक्या महिनाभर उघड्या ठेवा. वायरिंग नवं करा. ओल कुठून येते ते बघा. विहीर उघडायची असेल तर माहीतगार माणसाकडून हवा तपासून मगच गाळ काढा, वर पक्की जाळी आणि कठडा बांधा, पाणी तपासून घ्या आणि गाळूनच वापरा. राहायला जाल त्या दिवशी घरात णमोकाराचा पाठ ठेवा, तो भूत घालवायला नको, तुमचं मन स्थिर व्हायला हवा.

आणि मग मी सूनबाईंना सगळं सांगितलं. शिवणाच्या मशीनचंही. जागा स्वच्छ आहे म्हणायचं आणि घडलेलं झाकायचं, हे मला पटत नव्हतं. सांगताना माझा आवाज फुटला. ती स्लॅबच्या कडेला बसली होती. ती घाबरेल, नको म्हणेल असं मला वाटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मामी, त्यांचं नाव काय होतं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी नाव सांगितलं. मोठ्याने, त्या परसात उभं राहून.

त्यांनी घर घेतलं आहे. दुपारी सूनबाई माझ्याकडे येते, मशीनवर बसते. थोरल्या जावेचा फोन नंबर मी मिळवला. ती आता मुलीजवळ बाहेरगावी असते. क्षमावाणीची वाट न बघता मी तिला फोन केला. ती काय बोलली ते तिचं आणि माझं राहू दे.

तुमच्या गल्लीतही एखादं असं घर असेल. तिथं राहणाऱ्या बाईकडे एकदा जाऊन या. आणि कुणी तुमच्याकडे दुपारी दोन तास मागितले, तर नाही म्हणू नका.

लिहिण्यात काही चुकलं असेल, शास्त्राविरुद्ध गेलं असेल तर जाणकारांनी सांगावं. उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.